समोरच्या बाजूचं माप

३ मार्च

चि. पेन्सिल्या,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून रागावला असशील तर तो राग आधी गिळ. काम असलं की ताईला भाऊ आठवतो, असं तू म्हणणारच; तेव्हा मीच म्हणून टाकते. काम आहे.

गेल्या मंगळवारी नगर कार्यालयाचा माणूस नळाजवळच्या खांबावर एक कागद चिकटवून गेला. आपली गल्ली दहा फुटांनी रुंद करणार आहेत. पुलावरच्या गाड्या म्हणे थेट बाजाराकडे जायला हव्यात. रुंदी एकाच बाजूने वाढवणार, आमची नळाची बाजू की समोरची शाळेची बाजू, ते 'मोजमापानंतर ठरवण्यात येईल'. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी बारा एप्रिलपर्यंत म्हणावं.

दहा फूट म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. पुढची खोली नऊ फुटांची. म्हणजे माझं दुकान गेलं, कापायचं टेबल गेलं, दोन्ही मशिनं गेली, वर मधल्या खोलीतला फूटभर. मागे उरणार ती अंथरुणापुरती मधली खोली, स्वयंपाकघर आणि मी. या वयात स्वयंपाकघरात बसून कोणाचे ब्लाउज शिवू?

पहिले दोन दिवस गल्लीत नुसता आरडाओरडा होता. मग मास्तरीणबाईंनी सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी आवाज तोच. बेकरीवाला तर बोलायच्या आधी हात वर करत होता. त्या म्हणाल्या, "नुसतं नाही-नाही करत गेलो तर ते आपल्याला दारातून परत पाठवतील. कागद घेऊन गेलो तर खुर्ची देतील." नगर कार्यालयाकडचा नकाशा साठ वर्षांपूर्वीचा आहे, त्यात तर नळसुद्धा नाही. तेव्हा गल्लीचा नकाशा आपणच करायचा. चोवीस घरं, प्रत्येकाची खोली न् खोली मोजायची, कोण किती वर्षं राहतं, कोणाचा काय धंदा, सगळं मांडायचं. एवढं मांडल्यावर यावरून रस्ता काढायला कोणाचा हात धजेल, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक नियम ठरला. आपली बाजू आपण मोजायची नाही. समोरच्यांनी आमची मोजायची, आम्ही समोरच्यांची. म्हणजे कोणी कोणाला बोट दाखवायला नको. आमची बाजू घड्याळकाका मोजणार, त्यांची मी. मापाची सवय दोघांनाच.

आता तुझं काम. मापं मी पाठवते, नकाशा तू काढून दे. तीस वर्षं कचेरीत रेघा ओढतोस, एक आपल्या गल्लीसाठी ओढ.

ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. राग वगैरे काही नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मात्र चैन नाही. तुझ्या त्या कापायच्या टेबलाखाली बसून मी पाढे पाठ केले. पहिली सरळ रेघ ओढली ती तुझ्या खडूने, तुझ्याच पट्टीने, आणि कोणाच्या तरी नव्या कापडावर. त्या रेघेबद्दल खाल्लेला धपाटाही आठवतो. ते टेबल जाणार, हे मनात बसत नाही.

नकाशा काढतो. प्रत्येक घराची लांबी उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत घे, खोलीवार. मागच्या भिंती कशाला लागून आहेत तेही लिही. शाळेच्या बाजूच्या घरांच्या मागे शाळेची कंपाउंडची भिंत आहे ना अजून? ती भिंत जुन्या नकाशात आहे आणि हललेली नसणार; तिचा आधार धरता येईल.

फार आशा मात्र ठेवू नकोस. या कामात मी बरंच पाहिलं आहे. जास्त लिहीत नाही.

तुझा
पेन्सिल्या


२५ मार्च

चि. पेन्सिल्या,

सोबत वहीची सोळा पानं आहेत. आठ माझ्या अक्षरात, आठ घड्याळकाकांच्या. त्यांची तुला भिंग लावूनच वाचावी लागतील.

अरे, काय माणूस आहे! आमच्या बारा घरांना त्यांनी पाच दिवस घेतले. पोलादी पट्टी, खिशात भिंग, कानाच्या मागे पेन्सिल. माझ्या दुकानात भिंतीचा गिलावा फुगलाय, तो किती फुगलाय ते टाचणी खुपसून पाहिलं आणि तेवढा वजा केला. मी म्हटलं, "काका, घर आहे, मनगटी घड्याळ नाही." तर म्हणाले, "ताई, माप खोटं निघालं तर तोंड कुठे दाखवू?" शेवटी बेकरीवाल्याने भट्टी पेटवली तेव्हा बाहेर पडले.

मी त्यांची बाजू दोन दिवसांत उरकली. आपला नेहमीचा टेप, आपली नेहमीची वही. आतून कोणाचं घर कधी पाहिलं नव्हतं रे इतक्या वर्षांत. मापं घ्यायला लोक माझ्याकडे येतात, मी कोणाकडे जात नाही. घड्याळकाकांच्या घरात सर्वांत जास्त वेळ गेला. काकूंनी सोडलंच नाही. त्यांचे गुडघे गेल्याला सहा वर्षं झाली, पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची. भिंतीवर दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळं. काकू तिथून ओरडतात, "अहो, तिसऱ्या रांगेतलं दुसरं मागे पडलं," आणि ते खरोखर मागे पडलेलं असतं. खिडकीतून त्यांना अख्खी गल्ली दिसते. कोणाकडे कोण आलं, कोण रडत गेलं, सगळं तोंडपाठ. मला म्हणाल्या, "ही खोली गेली तर मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचं. शाळेची भिंत. सकाळी पोरं तिच्यावर चेंडू मारतात, तेवढीच करमणूक."

मी त्यांना म्हटलं, काही जात नाही कोणाचं. आपण मोजतोय ते जाऊ नये म्हणूनच.

दोन्ही बाजू एकाच गवंड्याने एकाच वेळी बांधल्या, त्यामुळे घरं सगळी सारखीच आहेत, तीन खोल्या एकामागे एक. तुला काम सोपं जाईल. मुदत बारा एप्रिलला संपते, तेवढं लक्षात ठेव. आणि शर्टाचं कापड पाठवतो म्हणाला होतास, पण नको, मीच घेऊन ठेवलंय. माप वहीत आहे.

ताई


४ एप्रिल

प्रिय ताई,

नकाशा तयार झाला, आज मास्तरीणबाईंच्या नावे रवाना केला. चांगला दिसतोय. प्रत्येक घरावर धंदा लिहिला आहे, नळ लाल शाईने काढला आहे.

एक विचारायचं होतं. समोरची बाजू सगळी तूच मोजलीस ना? दुसऱ्या कोणाचा हात नाही ना लागला? सहज विचारतो.

आणि एक सांगून ठेवतो, ते पाळ. आता पुन्हा मोजायला जाऊ नका. एका घराची दोन मापं आली की साहेब लोक दोन्ही केरात टाकतात. जे गेलं ते गेलं. घड्याळकाकांना पुन्हा पट्टी काढायचा मोह होईल, त्यांना आवर.

इकडे काम फार आहे. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

पेन्सिल्या


१४ मे

चि. पेन्सिल्या,

उशीर मीच केला. हात उचलत नव्हता.

निकाल लागला. समोरची बाजू जाणार.

बारा तारखेला नगर कार्यालयाच्या फळ्यावर नकाशा लागला. मास्तरीणबाई, बेकरीवाला, घड्याळकाका आणि मी, चौघं गेलो. साहेब मोठा गोड बोलणारा. मास्तरीणबाईंना खरंच खुर्ची दिली. म्हणाला, "रहिवाशांनी स्वतः मोजून दिलेला इतका नेटका नकाशा आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आला. आमचं अर्धं काम तुम्ही केलंत." मग नियम वाचून दाखवला. ज्या बाजूच्या घरांची लांबी सरासरीने जास्त, ती बाजू कापायची, कारण कापल्यावर लोकांना मागे जास्त जागा उरते. शाळेची बाजू सत्तावीस फूट. आमची सव्वीस फूट आठ इंच. चार इंच, पेन्सिल्या. चार इंचांवर बारा घरांची तोंडं तुटणार. सोळा जूनला ज्याला काही सांगायचंय त्याने सुनावणीला यावं, पण माप तुमचंच आहे, असंही तो हसत म्हणाला.

मास्तरीणबाई खुर्चीवरून उठल्याच नाहीत बराच वेळ. परत येताना एवढंच म्हणाल्या, "मीच सुरी धार लावून नेऊन दिली."

आता खरं सांगते, तुला नाही सांगायचं तर कोणाला. नळाची बाजू वाचली हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुकान राहिलं. टेबल राहिलं. मग शेजारी उभ्या घड्याळकाकांकडे पाहिलं आणि स्वतःची शरम वाटली. तो माणूस नकाशाला नाक लावून आपल्या घराचा आकडा वाचत होता. सत्तावीस फूट एक इंच. पुन्हा वाचला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणणार. तर भिंग खिशात ठेवून म्हणाले, "मला कमी वाटलं होतं. पण ताईंनी मोजलंय." बास. पुढे गल्लीपर्यंत हवापाण्याच्या गप्पा.

काकूंना त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण त्यांना कळलंय. खिडकीतून मला हाका मारायच्या, त्या थांबल्या आहेत.

एक गंमत, म्हणजे आता गंमत कसली, पण लिहिते. फळ्यावरच्या नकाशात सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ होती, अगदी तू काढतोस तशी. शाळेत गुरुजींनी त्या रेघेवरून तुझे कान पिळले होते. तुम्हा नकाशेवाल्यांना सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात की काय?

ताई


२१ मे

प्रिय ताई,

दुकान वाचलं, हे वाचून मी खुर्चीत डोळे मिटून बसलो. तुला शरम वाटायचं काहीएक कारण नाही. कोणाचं तरी जाणारच होतं. तू काही ओढून घेतलेलं नाहीस. घड्याळकाकांना दुसरीकडे गाळा मिळेल. त्यांचा धंदा एका पेटीत मावतो. तुझा नाही मावत.

आता या गोष्टीत फार गुंतू नकोस. सुनावणीला तुझं काय काम? तुझी बाजू वाचली आहे.

पेन्सिल्या


२ जून

पेन्सिल्या,

आज तुला एक प्रश्न विचारायचा आहे. पण आधी काय झालं ते वाच.

काकूंनी परवा निरोप धाडला, तशी मी गेले. त्या म्हणाल्या, "घड्याळांना पिशव्या शिवून दे, आत कापूस भरलेल्या. हे हलवायचं मनावर घेत नाहीत, मीच घेते. नाहीतर शेवटच्या दिवशी पोत्यात भरतील." काका खाली मान घालून कसलंसं चाक घासत बसले होते. मी टेप काढला आणि पहिल्या घड्याळाचं माप घेतलं. बारा इंच. वही उघडली आणि लिहिलं, पंधरा.

लिहून झालं आणि हात तिथेच थांबला.

चाळीस वर्षं मी असंच लिहीत आले आहे. कापडाला शिवणीत जाणारी माया सोडावी लागते, ती आम्ही मागाहून नाही मिळवत, माप घेता घेताच मिळवून लिहितो. छाती चौतीस असली तर माझ्या वहीत सदतीस असतात. माझ्या वहीत अंगाचं माप नसतंच रे, कापायचं माप असतं. आणि मी या लोकांची घरं त्याच वहीत लिहिली. पुढची खोली, तीन इंच. मधली खोली, तीन इंच. स्वयंपाकघर, तीन इंच. प्रत्येक घराला नऊ इंच. आख्खी वीत.

बाकीच्या घड्याळांची मापं घेतली, खरी. दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून पोलादी टेप मागून आणला आणि पिशव्या दाखवायच्या निमित्ताने घर पुन्हा मोजलं. सव्वीस फूट चार इंच. तिथून पुढे लाज सोडून अकराही घरांत गेले. समोरची बाजू सव्वीस फूट तीन इंच आहे, पेन्सिल्या. आमची सव्वीस फूट आठ. म्हणजे कापायची ती आमची बाजू. माझं दुकान.

त्या माणसाने माझा फुगलेला गिलावासुद्धा टाचणीने मोजून वजा केला. आणि मी त्याचं घर शिवायला टाकल्यासारखं लिहिलं.

आता प्रश्न. कापूस भरताना मला सारखं ते आठवतंय. तू शाळेच्या भिंतीबद्दल विचारलं होतंस. ती हललेली नसणार, तिचा आधार धरेन, म्हणाला होतास. मग बारा घरांची वीतभर जास्त लांबी तू कागदावर मांडलीस तेव्हा ती गेली कुठे? आणि पुन्हा मोजू नका, असं का लिहिलंस?

मला वळणं देऊन लिहू नकोस. आणि सातच्या पोटातल्या रेघेबद्दलही लिही.

ताई


९ जून

ताई,

वळणं देत नाही.

तुझी मापं मांडली तेव्हा समोरच्या बारा घरांची स्वयंपाकघरं शाळेच्या भिंतीत वीतभर घुसली. घड्याळकाकांची चूल शाळेच्या मैदानात. मी दोनदा तपासलं. मग तुझ्या पानावरचा प्रत्येक आकडा पाहिला आणि पाच मिनिटांत कळलं. मी तुझ्या दुकानात वाढलोय. तुझी वही मला माहीत आहे. माझे सगळे शर्ट त्या वहीतले आहेत.

त्याच आठवड्यात तुमच्या गल्लीचं काम आमच्या कचेरीकडे आलं होतं. नगर कार्यालयाने नकाशे काढायचं कंत्राट आम्हाला दिलं. माझ्याच टेबलावर. म्हणजे तुमचा नकाशाही मी काढला आणि फळ्यावरचाही मीच. लांब घरांची बाजू कापायची, हा नियम मला तेव्हाच माहीत होता, गल्लीत कोणालाही माहीत नव्हता. कागद माझ्यासमोर होता आणि खरं माप मांडलं की तुझं दुकान जात होतं.

मी शाळेची भिंत नऊ इंच मागे सरकवली. पेन्सिलीने एक रेघ, मग शाईने. मैदान मोठं आहे, तिथे कोण मोजायला जातंय.

मी स्वतःला सांगितलं की चूक तुझी आहे, मी फक्त गप्प बसलो. पण ते खरं नाही. तू चुकलीस, मी केलं. तुला विचारलं होतं ना, सगळी तूच मोजलीस का? खरं माप दुसऱ्या कोणाकडे नाही ना, एवढंच बघायला विचारलं होतं. चोराच्या मनात चांदणं.

आता ऐक. हात जोडतो. सुनावणीला जाऊ नकोस. गेलीस तर दुकान जाईल, आणि भिंतीची गोष्ट निघाली तर माझी नोकरीही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. घड्याळकाकांना काही माहीत नाही, त्यांना ते कधी कळणारही नाही. तुला वाईट वाटतंय, मलाही वाटतंय. पण वाईट वाटून घेऊन जगता येतं, ताई. दुकान गेल्यावर तुला नाही जगता येणार. मला तुला त्या स्वयंपाकघरात बसलेली बघायची नाही.

पेन्सिल्या


१८ जून

पेन्सिल्या,

जाऊन आले.

तुझं पत्र तीन दिवस मशिनच्या खणात पडून होतं. त्या तीन दिवसांत मी तुझ्या बाजूने विचार केला नाही असं समजू नकोस. रोज सकाळी दुकान उघडताना टेबलावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, राहू दे, गप्प बस बाई. आणि रोज समोरच्या खिडकीत काकू पाठ करून बसलेल्या दिसायच्या. खुर्ची फिरवून घेतली होती त्यांनी. सवय करून घेत होत्या.

सुनावणीला वही घेऊन गेले. साहेबाला घड्याळाचं पान दाखवलं, बारा इंचांचं पंधरा कसं होतं ते समजावलं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "बाई, यात तुमचंच दुकान जातंय, हे लक्षात येतंय ना?" मी म्हटलं, माप घेणं हे माझं काम आहे, ते मला लक्षात येतं. मग त्याने विचारलं, "पण मग ही घरं मागच्या भिंतीत घुसायला हवी होती. ते नकाशा काढणाऱ्याला दिसलं कसं नाही?"

माझ्या चुकीचं मी भरभरून बोलले आणि तुझ्या पाळीला तोंड शिवून बसले. मास्तरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. घड्याळकाका फळ्यावरच्या नकाशाकडे बघत होते, भिंग लावून, सातच्या आकड्याकडे. तुझी लहानपणची गणिताची वही त्यांनीही तपासली आहे, विसरलास? भिंग पुसून खिशात ठेवलं.

तुला वाटेल, आता गल्ली मला डोक्यावर घेऊन नाचत असेल. समोरची बाजू रडून गेली, खरं आहे. पण आमच्या बाजूने दारं लावून घेतली. बेकरीवाला काल रस्त्यात आडवा आला. पंचवीस वर्षांचा शेजार, कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाला, "ताई, तुमचं दुकान तुम्ही खुशाल द्या. माझी भट्टी कोणाला विचारून दिलीत?" त्याची भट्टी पुढच्या खोलीत आहे, ती मागे नेता येत नाही, हे मला त्याच्याइतकंच माहीत आहे. खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तर काहीच हलकं वाटलं नाही. मी नीट मोजलं असतं तरी भट्टी जाणार होती, पण मग ती मी घालवली असं झालं नसतं. दोन्ही बाजूंना मिळून आता मास्तरीणबाईच तेवढ्या माझ्याशी बोलतात. त्या सध्या गल्ली कापूच नका असा दुसरा अर्ज लिहितायत, पण पूर्वीसारखा आवाज निघत नाही.

काल दुपारी घड्याळकाका आले. हातात पोलादी पट्टी. विचारलं, काय मोजायचंय? तर म्हणाले, "टेबल." गुडघ्यावर बसून मोजलं, वाकून पायसुद्धा मोजले. मग म्हणाले, "काकूंच्या खिडकीखाली बसतंय. बरोब्बर बसतंय. दोन्ही मशिनं नाही मावणार, एक मावेल." मी त्यांना जा म्हटलं. रागाने नाही रे, पण मला तिथे उभं राहवेना. दार लावून मी पोटभर रडले. ती जागा मी घेणार नाही. ज्याची भट्टी बुजणार त्या माणसाच्या समोरच्या खिडकीत बसून शिवण चालवायला माझा जीव धजायचा नाही.

आता तुझ्याबद्दल. मी तुझं नाव घेतलं नाही. माझं होतं ते मी सांगितलं, तुझं मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. मी तुला वाढवलं, तेव्हा माझ्यासाठी खोटी रेघ ओढ असं मी कधी शिकवलं होतं का, असं विचारणार होते. पण मग वाटलं, कदाचित शिकवलं असेल. कमी पडू नये म्हणून जरा जास्तच लिहून ठेवायचं, हे तू माझ्याकडूनच उचललंस.

साहेबाने अजून काही बदललेलं नाही. त्याचं म्हणणं, एका बाईच्या वहीवर दोन महिन्यांचं काम फिरवता येत नाही. तो नकाशा काढणाऱ्या कचेरीलाच लिहिणार आहे, की ज्याने काढला त्यालाच पाठवा आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजू पुन्हा मोजा. शाळेच्या भिंतीपासून सुरुवात करायची. तीस तारीख, सकाळी नऊ.

म्हणजे तुला हुकूम येईल. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी साहेबाला म्हटलं, येऊ दे त्या माणसाला, तो चांगला माणूस आहे.

घरी उतर. शर्ट शिवून ठेवलाय, या खेपेला तो आधी अंगावर घालून बघायचा. तीस तारखेला गल्लीतले सगळे उभे असतील, आमची बाजू एकीकडे, समोरची एकीकडे. टेपचं एक टोक घड्याळकाका धरतील, दुसरं मी. आकडा तू लिहायचास.

तुझी
ताई